‘नवं काही नाही’ म्हणजे नक्की काय नाही?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी आणि माझ्या एका मैत्रिणीने मिळून एक पेपर लिहिला होता. विषय अगदी घरचा होता. मराठीत ‘घर’ हा शब्द नुसता ‘घर’ म्हणून फार कमी वेळा येतो. घरात, घराला, घरासमोर, घरासमोरच्यांनाही. हा शेवटचा एक शब्द इंग्रजीत सांगायचा तर सात-आठ शब्द लागतात. कंप्युटरला मराठी वाचता यायची असेल, तर आधी असे शब्द सुटे करता यायला हवेत. आम्ही वर्तमानपत्रांतली काही हजार वाक्यं घेतली, त्यांतले शब्द हाताने सोडवले, ते आपोआप सोडवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो कुठे चुकतो याची यादी केली आणि हे सगळं एका परिषदेला पाठवलं.

दोन महिन्यांनी मेल आला. पेपर नाकारला होता. सोबत तीन रिव्ह्यू होते. पहिले दोन ठीकठाक होते, तिसरा फक्त चार ओळींचा. मराठीत त्याचा मथितार्थ असा: लेखकांना या क्षेत्रातलं आधीचं काम उघडच माहीत नाही. पेपरमध्ये नवं काही नाही. प्रयोग फक्त मराठीवर केलेला असल्याने त्याचं महत्त्व मर्यादित आहे. इंग्रजी एखाद्या नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्यावं.

त्यानंतर मैत्रिणीने एकही पेपर लिहिला नाही. आज ती एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करते आणि मजेत आहे. तिचं आयुष्य एका रिव्ह्यूने उद्ध्वस्त झालं वगैरे काही मला म्हणायचं नाही. पण मागच्या वर्षी भेटलो तेव्हा मी तिला विचारलं, तो रिव्ह्यू आठवतो का? ती हसून म्हणाली, “एकच शब्द आठवतो. नेटिव्ह.”

मी मात्र त्या चार ओळी जपून ठेवल्या आहेत. आधी रागाने ठेवल्या होत्या, आता उत्सुकतेने. कादंबरीचं परीक्षण करताना आपण लेखकाची शब्दांची निवड बघतो. मग ज्या मजकुरावर कुणाची पदवी, नोकरी किंवा फेलोशिप अडून राहते, त्याच्या भाषेचं परीक्षण का करू नये?

चार ओळींचं वाचन

पहिल्या ओळीतला कळीचा शब्द आहे ‘उघडच’. मूळ इंग्रजीत ‘क्लिअरली’. आधीचं कोणतं काम आम्ही वाचलं नव्हतं? एका तरी पेपरचं नाव दिलं असतं, तर आम्ही त्याच रात्री तो शोधून वाचला असता. नाव दिलं की ‘क्लिअरली’ची गरजच उरत नाही, आणि नाव दिलं नाही की तोच शब्द पुराव्याची जागा घेऊन बसतो. वादात आपण ‘अरे, हे तर कुणीही सांगेल’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा सांगणारं कुणी हाताशी नसतं. तसाच हा प्रकार.

दुसरी ओळ ‘नॉव्हेल’ची. हे नाकारण्याचं सर्वांत सोयीचं कारण. भाषा आणि कंप्युटर या विषयातली सर्वांत मोठी संस्था म्हणजे असोसिएशन फॉर कंप्युटेशनल लिंग्विस्टिक्स. तिच्या रिव्ह्यूअरसाठीच्या सूचनांमध्ये आळशी आक्षेपांची एक यादीच आहे, आणि ‘यात नवं काही नाही’ हा आक्षेप तिच्यात आहे. असं म्हणायचं असेल तर ते आधी कुठे झालंय याचे संदर्भ द्या, असं तिथे सांगितलं आहे. नियम साधा आहे. ‘हे अमक्याने तमक्या साली केलंय’ हे विधान तपासता येतं. ‘हे नवं नाही’ हा नुसता हात झटकणं झालं.

त्याच यादीत आमची तिसरी ओळही सापडते. प्रयोग इंग्रजी सोडून दुसऱ्या एखाद्या भाषेवर झालाय, म्हणून तो इतरत्र लागू पडेल का ही शंका. त्यावर संस्थेचं उत्तर असं, की ही शंका फक्त इंग्रजीवर केलेल्या कामाबद्दलही तितकीच खरी आहे. पण इंग्रजीवरच्या पेपरला ‘फक्त इंग्रजीवर’ असं कुणी म्हणत नाही. ‘फक्त’ हा शब्द कुणाच्या मागे लागतो आणि कुणाच्या नाही, यावरून त्या क्षेत्राचं केंद्र कुठे आहे ते कळतं.

आणि चौथी ओळ. आमचं इंग्रजी कच्चं होतं, हे मान्य. काही वाक्यं आज वाचताना मलाच लाज वाटते. ‘तिसऱ्या भागातली वाक्यं लांब आहेत, अर्थ निसटतो’ असं लिहिलं असतं, तर तो आक्षेप मजकुरावर राहिला असता आणि आम्ही वाक्यं तोडली असती. ‘नेटिव्ह स्पीकर’ म्हटल्यावर तो आमच्या जन्मावर गेला. वाक्य सुधारता येतं, जन्म कसा सुधारणार?

या चारही ओळी वाचताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत गेलो: याला उत्तर देता येतं का? लेखकाला ‘हो, चूक आहे, सुधारतो’ किंवा ‘नाही, हे बघा असं आहे’ असं म्हणायला जागा ठेवणारा शब्द हा रिव्ह्यूचा शब्द. ती जागाच बंद करणारा शब्द कितीही सभ्य असला, तरी तो फक्त निकाल.

टीका नावाचा जुना शब्द

आपल्याकडे ‘टीका’ या शब्दाचा प्रवास मजेशीर आहे. संस्कृतात टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे असं आपण आजही म्हणतो, आणि ज्ञानेश्वरांनी गीतेवर हल्ला केला असं त्यातून कुणालाही वाटत नाही. पण ‘विरोधकांची सरकारवर टीका’ म्हटलं की तोच शब्द काठी घेऊन उभा राहतो. समजावून सांगणं आणि झोडपणं हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात.

पिअर रिव्ह्यूच्या जन्मातही हीच ओढाताण दिसते. लंडनच्या रॉयल सोसायटीत १८३० च्या दशकात, आलेल्या शोधनिबंधांवर तज्ज्ञांनी लेखी अहवाल द्यावेत अशी कल्पना विल्यम ह्यूएल यांनी मांडली. १८३२ मध्ये जॉर्ज एअरी यांचा पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतींबद्दलचा निबंध ह्यूएल आणि जॉन लबक या दोघांकडे आला. दोघांनी मिळून अहवाल लिहायचा होता, पण त्यांचं पटेना. ह्यूएल यांना निबंधाचं महत्त्व जगाला उलगडून सांगायचं होतं, तर लबक यांना त्यातल्या चुका शोधून दुरुस्त करायच्या होत्या. एकाला जुन्या अर्थाची टीका हवी होती, दुसऱ्याला नव्या. पुढे हे अहवाल गुप्त झाले, लिहिणाऱ्यांची नावं झाकली गेली, आणि लबक यांची पद्धत जिंकली.

मला स्वतःला लबक यांची बाजू चुकीची वाटत नाही. चुका शोधल्याच पाहिजेत. पण चूक शोधणारा समोरच्याशी बोलत असतो की त्याच्याबद्दल बोलत असतो, हा फरक त्या गुप्ततेत हरवत गेला. आमचा तिसरा रिव्ह्यूअर आमच्याशी बोलतच नव्हता. तो आमच्या डोक्यावरून संपादकाशी बोलत होता.

आइनस्टाइनचा राग

इथपर्यंत वाचून ‘चांगले शब्द वापरा, सगळं नीट होईल’ असं वाटत असेल, तर एक गोष्ट आड येते.

१९३६ मध्ये आल्बर्ट आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाला एक पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवला. तज्ज्ञाने दहा पानांचा अहवाल लिहिला. गणित कुठे अडतं आणि वेगळे निर्देशांक वापरले तर ती अडचण कशी दूर होते, हे त्यात होतं. माझ्या कसोटीवर पैकीच्या पैकी गुण मिळवणारा रिव्ह्यू. टेट यांनीही नम्रपणे, यावर आपलं मत कळवा, असं लिहिलं.

आइनस्टाइन भडकले. आम्ही पेपर छापायला पाठवला होता, आधी कुणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी दिली नव्हती, अशा आशयाचं पत्र लिहून त्यांनी पेपर मागे घेतला. त्यानंतर त्या नियतकालिकाकडे ते जवळजवळ फिरकलेच नाहीत.

तो तज्ज्ञ होता हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. हे नाव अधिकृतपणे बाहेर यायला २००५ साल उजाडलं. १९३६ च्या उत्तरार्धात हेच रॉबर्टसन प्रिन्स्टनला परतले. आइनस्टाइन यांचे नवे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली, आणि आपण तो अहवाल लिहिला होता हे न सांगता त्यांनी गप्पांमध्ये तीच चूक समजावून सांगितली. पुढे पेपरचा निष्कर्ष बदलला आणि १९३७ मध्ये तो ‘जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’मध्ये छापून आला. २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. मूळ निष्कर्षासह तो पेपर छापला गेला असता, तर मोठी नामुष्की ओढवली असती.

गणित तेच आणि माणूसही तोच. कागदावरून सांगितलं तेव्हा अपमान वाटला, समोरासमोर सांगितलं तेव्हा पटलं. म्हणजे नेमके शब्द पुरेसे नसतात, ऐकणाराही तयार लागतो. पण एक लक्षात घ्या. ती दहा पानं नेमकी होती, म्हणूनच त्यांतला मुद्दा पुढे गप्पांमध्ये पुन्हा सांगता आला. ‘नवं काही नाही’ हे दहा वेळा चहा पीत सांगितलं, तरी त्यातून काय दुरुस्त होणार?

कडक आणि गोड

माझ्या रोजच्या कामात पिअर रिव्ह्यूचा एक चुलतभाऊ आहे, कोड रिव्ह्यू. मी लिहिलेली प्रत्येक ओळ टीममधलं कुणीतरी वाचतं आणि शेरे मारतं, तेही दिवसातून चार वेळा. त्यामुळे या भाषेवर आमच्या धंद्यात बराच विचार झालाय. गुगलने जाहीर केलेल्या कोड रिव्ह्यूच्या मार्गदर्शिकेत दोन साध्या गोष्टी आहेत. शेरा कोडवर मारा, माणसावर नको. आणि मुद्दा किरकोळ असेल तर त्याच्याआधी ‘निट’ असं लिहा. निट म्हणजे लीख, उवेचं अंडं. एवढ्याशा शब्दाने समोरच्याला कळतं की हे नाही केलं तरी चालेल. आक्षेपाचं वजन किती, ते आक्षेपातच लिहिलेलं असतं.

उलट टोकाला लिनस टोरवाल्ड्स. लिनक्स कर्नलसाठी कोड पाठवणाऱ्यांना ते ज्या भाषेत झापायचे, ती वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामापासून बाजूला झाले. त्यांचे चाहते तेव्हा म्हणाले, पण त्यांचे मुद्दे तर बरोबर असायचे! असायचे. पण शिवी खाल्लेला माणूस मुद्दा ऐकतो की शिवी, हा प्रश्न उरतोच.

त्याला काही प्रमाणात उत्तर मिळालंय. २०१९ मध्ये ‘पिअरजे’ या नियतकालिकात निसा सिल्बिगर आणि अँबर स्टब्लर यांचं एक सर्वेक्षण आलं. ४६ देशांतल्या १,१०६ संशोधकांना त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी व्यावसायिक शिष्टाचार सोडून लिहिलेला रिव्ह्यू मिळालाय का? अर्ध्याहून जास्त लोक हो म्हणाले. पण मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. असा रिव्ह्यू मिळाल्यावर स्वतःच्या कुवतीबद्दल शंका घेण्याचं प्रमाण गोऱ्या पुरुषांमध्ये सर्वांत कमी होतं. एकच वाक्य सगळ्यांवर सारखं पडत नाही. ज्याला आपण इथलेच आहोत अशी खात्री असते, तो म्हणतो, ‘रिव्ह्यूअर मूर्ख आहे.’ ज्याला ती नसते, तो म्हणतो, ‘माझंच चुकलं असेल.’ मी तेव्हा पहिलं म्हणालो होतो. मैत्रीण दुसरं म्हणाली.

‘सॉलिड’ची गंमत

शब्दांचा इतका घोळ असेल तर शब्दच ठरवून का देऊ नयेत? प्रोग्रॅमरला पहिल्यांदा हेच सुचेल: मोकळा मजकूर नको, ठरावीक पर्यायांची यादी द्या. ‘ईलाइफ’ या जीवशास्त्राच्या नियतकालिकाने खरोखर तसं केलं. जानेवारी २०२३ मध्ये सुरू केलेल्या नव्या पद्धतीत रिव्ह्यूला पाठवलेल्या पेपरच्या बाबतीत ‘स्वीकारला’ किंवा ‘नाकारला’ हा निकालच बंद झाला. पेपर, रिव्ह्यू आणि एक छोटं मूल्यमापन, सगळं एकत्र प्रसिद्ध होतं. मूल्यमापनाचे शब्द ठरलेले आहेत. महत्त्वासाठी पाच: लँडमार्क, फंडामेंटल, इम्पॉर्टंट, व्हॅल्युएबल, यूजफुल. पुराव्याच्या बळासाठी सहा: एक्सेप्शनल, कम्पेलिंग, कन्व्हिन्सिंग, सॉलिड, इनकम्प्लीट, इनॅडिक्वेट.

ही यादी मी एखाद्या कवितेसारखी पुन्हा पुन्हा वाचलीय. तिचं पहिलं यश हे, की ‘विषय महत्त्वाचा आहे का’ आणि ‘पुरावा पुरेसा आहे का’ हे दोन प्रश्न तिने वेगळे केले. आमच्या चार ओळींत ते एकमेकांत कालवलेले होते. दुसरं यश, प्रत्येक शब्दाची व्याख्या दिलेली आहे, म्हणजे त्याच्याशी वाद घालता येतो.

पण शब्द व्याख्येत राहत नाहीत, ते माणसांत राहतात. ‘यूजफुल’ म्हणजे उपयुक्त, आणि उपयुक्त ही या मापावरची सर्वांत खालची पायरी! ‘सॉलिड’ तर वरून चौथा. आपल्याकडे ‘काय सॉलिड बॅटिंग केली राव’ यापुढे कौतुक नसतं. तिथे त्याचा अर्थ ‘पुरावा बऱ्यापैकी आहे, थोड्या त्रुटी आहेत’ असा होतो. शिवाय निकाल बंद केला म्हणून निकाल थांबला नाही. २०२४ च्या अखेरीस वेब ऑफ सायन्स या सूचीने ईलाइफचे सगळे पेपर घेणं थांबवलं. ज्यांचा पुरावा ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘इनॅडिक्वेट’ ठरला, ते पेपर सूचीबाहेर राहू लागले. वर्णन म्हणून आणलेला शब्द पुन्हा दाराचा कडी-कोयंडा झाला. तरी मी ईलाइफच्याच बाजूने आहे. शब्दाखाली पूर्ण रिव्ह्यू उघडा ठेवलेला असतो. शब्द पटला नाही तर वाचक खाली जाऊन कारण बघू शकतो.

कौतुकाचा पूर

तेवढ्यात चॅटजीपीटी आलं. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एआयच्या मोठ्या परिषदांमधले रिव्ह्यू तपासले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे रिव्ह्यूंमधला ६.५ ते १६.९ टक्के मजकूर मशीनने लिहिलेला किंवा मोठ्या प्रमाणात बदललेला होता. खूण कशावरून सापडली? विशेषणांवरून. ‘कमेंडेबल’, ‘मेटिक्युलस’, ‘इंट्रिकेट’ हे शब्द अचानक कित्येक पटींनी वाढले होते. डेडलाईनच्या तोंडावर आलेल्या रिव्ह्यूंमध्ये असा मजकूर जास्त होता. आणि लेखकांच्या उत्तरांना प्रतिसाद न देणाऱ्या रिव्ह्यूअरकडेही जास्त होता.

हा शेवटचा तपशील मला सगळ्यांत बोचतो. ‘कमेंडेबल’ हा शब्द गोड आहे, कुणाला दुखावत नाही, आणि तरी माझ्या कसोटीवर तो ‘नवं काही नाही’च्याच शेजारी बसतो. त्यालाही उत्तर देता येत नाही. काय स्तुत्य आहे? कुठल्या पानावर? विचारायला गेलात तर पलीकडे कुणी नसतं.

माझा रिव्ह्यू

आता कबुली. पदवीनंतर काही वर्षांनी एका छोट्या कार्यशाळेसाठी मला रिव्ह्यू करायला बोलावलं. माझ्याकडे चार पेपर आले. चौथा मी डेडलाईनच्या रात्री साडेअकराला उघडला. दोन लेखक, बहुधा विद्यार्थी, विषय एका छोट्या भारतीय भाषेतल्या बोललेल्या वाक्यांचा संग्रह. इंग्रजी अडखळणारं. मी वीस मिनिटांत सहा ओळी लिहिल्या. त्यांतली एक होती: नॉव्हेल्टी मर्यादित आहे.

आठवड्याने लेखकांचं उत्तर आलं. अतिशय नम्र, एका वाक्याचं: या भाषेवरचं आधीचं काम कोणतं ते कृपया सांगाल का, आम्हाला सापडलं नाही.

मी दोन संध्याकाळी शोधलं. माझ्या डोक्यात जो पेपर होता, तो दुसऱ्याच भाषेवरचा निघाला. आधीचं काम नव्हतंच. त्यांचं बरोबर होतं, मी लिहिलेलं चूक होतं, आणि ते मी ज्या सुरात लिहिलं होतं तो सूर मी कुठून शिकलो, हेही मला माहीत होतं.

मी गुण वाढवले, रिव्ह्यू नव्याने लिहिला. ‘माझं आधीचं विधान चुकीचं होतं’ हे पहिलं वाक्य. मग तीन मुद्दे: कोणत्या तक्त्यात बोलणाऱ्यांची संख्या दिलेली नाही, कोणतं वाक्य दोन प्रकारे वाचता येतं, कोणता प्रयोग केल्याने दावा पक्का होईल. शेवटी दोन शुद्धलेखनाच्या चुका, आणि त्यांच्याआधी ‘किरकोळ’ असा शब्द. हे लिहायला दीड तास लागला. पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली होती. शब्दांच्या निवडीची किंमत बहुतेक एवढीच असते, सत्तर मिनिटं.

पेपर तरीही स्वीकारला गेला नाही. बाकीच्या दोन रिव्ह्यूअरचे गुण कमी होते. त्या दोघांनी पुढे तो दुसरीकडे पाठवला का, मला माहीत नाही. माझं नाव त्यांना कधी कळणार नाही, त्यांची मला कळली नाहीत. पण त्यांनी विचारलेला तो एक प्रश्न आम्ही दोघांनी तेव्हा कँटीनमध्ये बसून विचारायला हवा होता. आम्हाला वाटलं, रिव्ह्यूला उत्तर द्यायचं नसतं.